चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये

मोबाइल कंपन्यांचे नकाशे कधी पाहिलेत का? पाहू नका. सगळं जग रंगवून ठेवलेलं असतं. डोंगर रंगवलेला, तळं रंगवलेलं, तळ्यातला मासासुद्धा रेंजमध्ये. आणि माणूस स्वतःच्या मागच्या खोलीत गेला की फोन मुका. हे लिफ्टवाल्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. शेवटची दोन वर्षं मात्र लिफ्टमधल्या लाल बटणाच्या फोनला कुठल्या कंपनीचं सिम चालतं, ते इमारतीइमारतीत जाऊन बघायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. पूर्वी त्या फोनला तार असायची. तारा गेल्या, सिमं आली, आणि त्याच्या मागे हे नवं झेंगट लागलं.

पिशवीत तीन कंपन्यांचे तीन फोन असत. त्याने त्यांना घरातल्या सुनांसारखी नावं दिली होती. थोरली सगळ्यांत जुनी, पण नाव मोठं लक्षण खोटं. गच्चीवर दणदणीत आणि जिन्यात गायब. मधली ऑफिसची लाडकी. सगळ्या इमारतींना तिचंच सिम, कारण करारच तसा झाला होता. धाकटी कालची पोर, कुठे धावेल आणि कुठे रुसून बसेल, काही नेम नाही. दिवसाला दहा-अकरा लिफ्ट बघून झाल्या की या तिघींचे रुसवेफुगवे ऐकून त्याचं डोकं भणभणायचं आणि गुडघे वेगळेच बोलायचे.

त्या दिवशी सकाळी ऑफिसातून फोन आला. एका आठ मजली इमारतीतल्या बाईंची तक्रार होती, आणि लिफ्टमधल्या तपासणीच्या कार्डावर ज्यांची सही आहे त्यांनाच पाठवा, असा त्यांचा हट्ट होता. लिफ्टवाल्याला खरं सांगायचं तर बरं वाटलं. तीस वर्षांत कुणी त्याला मागून घेतलं नव्हतं. चला, कुणाला तरी आपलं काम दिसलं म्हणायचं, असं मनाशी म्हणत तो निघाला.

इमारतीच्या वॉचमनने पाणी दिलं आणि न विचारता सगळी कर्मकहाणी सांगितली. आठव्या मजल्यावर मावशी एकट्या राहतात. अकरा महिन्यांपूर्वी त्या लिफ्टमध्ये अडकल्या, चौथ्या आणि पाचव्याच्या बरोबर मध्ये. भरदुपारची वेळ, सगळे कामावर. लाल बटण दाबदाब दाबलं, काही नाही. जवळचा मोबाइल बघितला तर तोही मधलीचाच, एकाच माळेचे मणी. चार तासांनी कुणीतरी घरी आलं तेव्हा कुठे पत्ता लागला. तेव्हापासून त्यांनी लिफ्टमध्ये पाऊल टाकलेलं नाही, आणि त्यांच्या गुडघ्यांना आठ जिने झेपण्यातले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे, ते समोर दिसतं ना तळमजल्याचं घर, तिथे त्यांची ताई अंथरुणाला खिळून आहे. दोघी बहिणी रस्त्याच्या दोन बाजूंना राहतात आणि फोनवर बोलतात. उद्या सकाळी ताईचा मुलगा तिला आपल्या गावी घेऊन चाललाय, कायमचा. म्हणजे मावशींना ताईला भेटायचं तर आजच्या आज.

लिफ्टवाला लिफ्टमध्ये शिरला आणि बटणांच्या खालच्या प्लास्टिकच्या पाकिटात त्याला कार्ड दिसलं. तळमजला ते आठवा, नऊ ओळी. ठीक, ठीक, ठीक, नऊ वेळा ठीक. तारीख मावशी अडकल्या त्याच्या महिनाभर आधीची. खाली सही त्याची.

इमारत त्याला आठवत नव्हती, पण ती रीत चांगली आठवत होती. दिवसाची अकरावी लिफ्ट असावी. तळमजल्यावर दार उघडं ठेवून त्याने एकदा लाल बटण दाबलं असेल, मधलीने लगेच ओ दिली असेल, आणि मग उरलेल्या आठ ओळी त्याने जिन्याच्या पायरीवर बसून भरल्या असतील. पाट्या टाकल्या. सगळेच टाकतात. त्याने कार्ड काढलं, घडी घातली आणि खिशात सरकवलं. नवं लावताना जुनं काढायचं, असा नियमच होता. आयुष्यात पहिल्यांदा नियम इतका कामाला आला.

वर दारासमोरच मावशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर पाटी, पाटीवर कागद, पट्टीने आखलेले रकाने. अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई, छापलेलं अक्षर दिसलं की सोडायची नाही. त्यांनी लिफ्टवाल्याला चहा विचारला नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच सांगितलं की आज आकडे त्या लिहिणार. त्याने प्रत्येक मजल्यावर दार लावून घ्यायचं आणि तिन्ही फोनवरून त्यांना फोन करायचा. घरच्या फोनला तार होती, तो लांब वायरीने दाराबाहेर आणून ठेवला होता. कंट्रोल रूमला फोन करायची पद्धत आहे, असं त्याने म्हणून बघितलं, तर त्या म्हणाल्या की कंट्रोल रूमची आणि त्यांची ओळख नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याचं झालं. बाईंना माहीत असेल का? पण चेहऱ्यावर काही दिसेना.

मग सुरू झालं. तळमजला, दार बंद, थोरली. तळमजला, मधली. तळमजला, धाकटी. पहिला, पुन्हा तेच. ती लिफ्ट अशी संथ की एकेक मजला चढताना देवाला आठवावं. सुरुवातीला तो "हॅलो मावशी, ऐकू येतंय का, ही आमची थोरली" वगैरे म्हणत होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते गळून गेलं. "तिसरा, धाकटी," एवढंच तो म्हणायचा, रेंजच्या किती काड्या ते सांगायचा, आणि पलीकडून उत्तर यायचं, "लिहिलं." त्या एका शब्दाची त्याला हळूहळू सवय झाली. घरी बायकोसुद्धा त्याचं इतकं मन लावून ऐकत नसे.

चौथ्याच्या वर त्याने किल्ली फिरवून लिफ्ट मध्येच थांबवली. दोन मजल्यांच्या सांध्यात तिथे जाड तुळया होत्या आणि बाहेरून लोखंडी पत्रा मारलेला. थोरली, शून्य. मधली, शून्य. धाकटीची एक काडी यायची आणि जायची. फोन लागला, त्याचं अर्धं वाक्य गेलं आणि तुटला. पंखाही बंद होता. पाय दुखत होते म्हणून तो खाली टेकला, पाठ भिंतीला लावून. आता समोर, बरोबर डोळ्यांच्या रेषेत, ते रिकामं पाकीट होतं. चार तास, त्याच्या मनात आलं. तो चार मिनिटांत उठला.

पाचव्यावर येऊन त्याने मावशींना कळवलं की मध्ये तिघीही निकामी. पलीकडे कागदावर पट्टी सरकल्याचा आवाज झाला. मग आलं, "लिहिलं."

सगळे मजले संपवून त्याने साहेबांना फोन लावला. म्हणाला, इथे मधली चालणार नाही. टपावर ॲन्टेना बसवून धाकटीचं सिम घालायला हवं. साहेब म्हणाले, करार मधलीशी आहे, एका इमारतीसाठी बदलता येत नाही. ठीक लिहा आणि पुढे व्हा, अजून चार लिफ्ट बाकी आहेत. खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला साहेबांचं काय जात होतं? पण लिफ्टवाल्याने वाद घातला नाही, कारण उंटावर तोही बसून आला होता. त्याने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि पिशवीच्या तळाशी दुसऱ्या कामाचा म्हणून पडलेला ॲन्टेना काढला.

त्यात दोन तास गेले. लिफ्टच्या टपावर चढताना गुडघा असा चमकला की डोळ्यांपुढे काजवे. वायर ओढली, ॲन्टेना बांधला, लाल बटणाच्या फोनमधून मधलीला काढून धाकटीला बसवलं आणि तपासणीपुरता मावशींचा नंबर घातला. मग खाली उतरून पुन्हा त्याच जागी, चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये, लिफ्ट थांबवली. लाल बटण दाबलं. दोनदा वाजलं आणि उचललं गेलं.

"ऐकू येतंय?" त्याने विचारलं.

"येतंय. स्वच्छ."

इथे काम संपलं होतं. ठेवतो म्हणायचं, वर जायचं, कार्डावर सही करायची, सुटायचं. पण त्याची नजर त्या पाकिटावर होती.

"मावशी," तो म्हणाला, "मागच्या वर्षीचं कार्ड मीच भरलं होतं. एकाच मजल्यावर बटण दाबून. बाकीचं सगळं पायरीवर बसून लिहिलं."

"माहीत आहे मला."

तो बटणाजवळ सरकला.

"चार तास दुसरं वाचायला काय होतं तिथे? नऊ ओळी, एक शाई, एकसारखा तिरका हात. दारं उघडत, मजले चढत लिहिलं असतं तर एक तरी अक्षर हललं असतं. तुम्ही पेन उचललंसुद्धा नव्हतं. आता ते कार्ड खिशात असेल तुमच्या."

त्याचा हात आपोआप खिशावर गेला. "मग ऑफिसात सांगितलं का नाहीत? नोकरी गेली असती माझी."

"तुम्हाला समोर बसवून बोलायचं होतं. अकरा महिने घोकत होते काय काय बोलायचं ते. आणि सकाळपासून तुम्ही तिसरा धाकटी, चौथा थोरली करताय, आणि मी लिहितेय." त्या थांबल्या. "दमले हो मी. तुम्हीही दमला असाल. वर या आता. ताई वाट बघतेय."

तो वर गेला. मावशींनी कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. नव्या कार्डावर त्यांच्या बारीक अक्षरात नऊ नव्हे, दहा ओळी होत्या, दहावी चौथ्या-पाचव्याची. प्रत्येक ओळीपुढे त्याची वेगळी सही घेतली तेव्हाच त्यांनी कार्ड त्याच्या हातात दिलं. मग लिफ्टच्या दारात उभ्या राहिल्या. आत येईनात. त्याने काही न बोलता दार धरून ठेवलं. शेवटी त्यांनी एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि त्याच्या शर्टाची बाही घट्ट धरली. पाचवा गेल्यावर डोळे मिटले. तो एकेक मजला मोठ्याने सांगत राहिला. तळमजल्यावर बाही सुटली तेव्हा तिला चुण्या पडल्या होत्या.

"मी येईपर्यंत थांबाल?" त्यांनी विचारलं. तो थांबतो म्हणाला. चार लिफ्ट बाकी होत्या, त्या राहिल्या.

मावशींना रस्ता ओलांडायला बराच वेळ लागला. पलीकडचं दार उघडलं आणि त्या आत गेल्या. लिफ्टवाला पायरीवर बसला, बहुधा त्याच पायरीवर. साहेबांचे तीन फोन येऊन गेले. इथे रेंज उत्तम होती. एकदा उचलून त्याने तपासणी चालू आहे असं सांगितलं आणि ठेवून दिला. मग लिफ्टमध्ये जाऊन त्याने लाल बटणातला मावशींचा नंबर काढला. नियमाप्रमाणे तिथे कंट्रोल रूम हवी होती. ती त्याने दुसऱ्या जागी घातली, आणि पहिल्या जागी स्वतःचा नंबर घातला. परत आल्यावर हे मावशींना सांगायचं, एवढं त्याने ठरवलं.

उन्हं कलली तेव्हा त्या आल्या. डोळे सुजले होते. ताईने आधी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि डोक्यावरून हात फिरवत बसली, इतकंच सांगितलं. त्याने बटणाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. तो सोबत वर यायला निघाला तर नको म्हणाल्या. उद्या कोण येणार आहे सोबत?

दार बंद झालं. दारावरच्या दिव्यात आकडे बदलू लागले. एक, दोन, तीन, चार. चारवर तो आकडा जरा जास्तच रेंगाळला असं त्याला वाटलं, आणि खिशातला फोन वाजला.

"ऐकू येतंय?"

"येतंय, मावशी. स्वच्छ."

"अडकले नाही मी. चालू आहे लिफ्ट." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "बोला काहीतरी. आठवा येईपर्यंत."

आयुष्य लिफ्टमध्ये काढलेला माणूस दारावरच्या दिव्याकडे बघू लागला. समोर आकडा बदलला.

"पाचवा," तो म्हणाला.

"हं."

"सहावा."

"हं."

"सातवा. आता आलाच, मावशी. आठवा."

वर दार उघडल्याचा आवाज आला. पावलं बाहेर गेली, कुलूप वाजलं. फोन चालूच राहिला होता. रिकाम्या लिफ्टची घरघर तो थोडा वेळ ऐकत उभा राहिला, मग त्याने फोन बंद केला, खिशातलं जुनं कार्ड फाडलं आणि पिशवी खांद्याला लावून पुढच्या इमारतीकडे निघाला.