फाटकावरचा रांजण

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो. देवगाव रंगारीच्या कुंभाराने मला घडवलं, आणि त्याच गावच्या दगडाबाईंनी मला चिकलठाण्यातल्या एका कारखान्याच्या फाटकाशी आणून बसवलं. नवऱ्याने टाकल्यावर त्या आपल्या लेकीला, श्रेयाला, घेऊन शहरात आल्या होत्या. कामगारांना पाणी पाजायची त्यांची कायमची नोकरी. श्रेयाला नर्स करायचं, एवढीच त्यांची आस.

रोज सकाळी त्या मला आतून घासत, पोटाभोवती ओलं गोणपाट गुंडाळत.

"आक्का, फ्रीजच्या पाण्यानं नुसते दात दुखतेत. तहान भागते ती इथंच!" कामगार कडुबा म्हणायचा.

"भागली ना? मग गिलास पालथा ठेव की मेल्या!"

मग लागोपाठ दुष्काळ पडले. कारखान्याला पाणी मिळेना, आणि शहर मात्र वाढत वाढत फाटकाला येऊन टेकलं. कारखाना बंद करून तिथं इमारती बांधायचं ठरलं. कामगारांना काढायचं, तर कायद्याने भरपाई द्यावी लागते. त्याबद्दल कारखान्याचे मॅनेजर हिमांशूसाहेब चकार शब्द बोलले नाहीत. माझ्याजवळ उभं राहून गोड आवाजात म्हणाले, "मावशी, कामावरून काढलं असं लिहू, की स्वतःच राजीनामा देता? राजीनाम्यात मान राहतो."

दगडाबाई गोणपाट पिळत राहिल्या. "काढलं नका लिहू, साहेब. नवऱ्यानं टाकली, आता कंपनीनं काढली, म्हणतील भावकीत. मीच सोडते."

अंगठ्याची शाई त्यांनी माझ्याच पाण्याने धुतली.

दुसऱ्या दिवशी कडुबा धावत आला. "आक्का, काय केलंत हे! काढलं असतं तर भरपाई मिळाली असती. आपणहून सोडणाऱ्याला ती नाय मिळत."

"व्हय?" त्या खाली बसल्या. "श्रेयाचं शेवटचं साल निघालं असतं का रे त्यात?"

"निघालं असतं. कोर्टात जाऊ, आक्का."

"जाऊन काय सांगू? अंगठा माझाच हाय ना."

कडुबाने भरलेला गिलास तसाच ठेवला.

श्रेया आता कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते. दगडाबाई गावी परतल्या. मी त्याच फाटकाशी, तडा जाऊन आडवा पडलोय.

मित्रांनो, माझ्यात पाणी भरू नका, ते राहायचं नाही. पण घरातलं कुणी काम गमावून आलं, तर "काढलं का?" असं हसून विचारू नका. आधी पाणी द्या. मग म्हणा, "काढलं तर काढलं, त्यात लाज कसली? हक्काचं मागून घ्या."

त्या दिवशी दगडाबाईंना असं म्हणणारं जवळ कुणी नव्हतं. मी होतो. पण रांजणाला नुसतं तोंड असतं, मित्रांनो. वाचा नसते.