भेगेतला हिरवा रंग

मी एक जुनी, तीन पायांची शिडी आहे, आणि माझी सातवी पायरी मोडलेली आहे. मित्रांनो, ती मोडली म्हणूनच मला वकिलाची कचेरी बघायला मिळाली. नाहीतर शिडीला खुर्च्यांशेजारी कोण उभे करतो?

ओरेगनच्या कारखान्यातून मी फ्रेस्नोजवळच्या पीचच्या बागेत आले. फेर्मीन बाउतिस्ता हा मजूर मला खांद्यावर टाकून झाडोझाड हिंडे. सकाळी शेंड्याच्या फळांवर ऊन पडले की तो माझ्या टोकाशी थांबून नुसता बघत राही. मीही बघे. एका झाडाला एवढी फळे लागतात, हे मला कधीच खरे वाटले नाही. "माझी म्हातारी कुरकुरते, पण पाडत नाही," असे तो सगळ्यांना सांगायचा.

मी त्याला पाडले.

सातव्या पायरीच्या लाकडात कारखान्यापासूनच एक गाठ होती. तिथून भेग गेली, पायरी तुटली आणि फेर्मीनचा खुबा मोडला. दवाखान्याचा खर्च आणि घरी बसल्या दिवसांची मजुरी बागमालकाच्या विमा कंपनीने दिली. फेर्मीनच्या वकील अराक्सी तोरोसियान यांनी कारखान्यावर दावा लावला. माझ्या गळ्यात 'पुरावा' अशी चिठ्ठी आली आणि मी त्यांच्या कचेरीत जाऊन उभी राहिले. दोन वर्षांनी कारखान्याने तडजोड केली, एक लाख नव्वद हजार डॉलरची. फेर्मीनला आता चढता येत नव्हते. घराच्या पुढल्या खोलीत बसून कात्र्यांना धार लावायचे दुकान काढायचे, एवढेच त्याचे स्वप्न होते.

तेवढ्यात विमा कंपनीचे पिकेटसाहेब कागद घेऊन आले.

"आमचे एक लाख अठरा हजार गेलेत. तडजोडीच्या पैशावर आमची लियन आहे. म्हणजे आमचे आधी, उरतील ते तुमचे."

वकिलाची फी आणि खर्च जाऊन उरणार होते चार हजार.

"एवढ्यात दुकानाची पाटी होईल, साहेब," फेर्मीन म्हणाला. "दुकान तुम्ही बांधून द्या."

पिकेट हसले नाहीत. "बागमालकाची चूक दाखवा. तो चुकला असेल, तर आम्हाला आमचे पैसे परत मागता येत नाहीत. कायदाच आहे तसा."

फेर्मीनने माझ्याकडे पाहिले. मग काठी टेकत उठला.

"बाई, हिला रंग मी लावलाय."

अराक्सीबाईंचा चेहराच उतरला. "अहो, दोन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?"

"भ्यालो. वाटलं, चूक माझ्याच गळ्यात पडेल."

"आपल्या मनानं लावलात?"

"छे हो! बाग बघायला मोठं गिऱ्हाईक येणार होतं. मालकाचा मुकादम म्हणाला, एकही शिडी जुनी दिसता कामा नये. एका दिवसात चाळीस रंगवल्या. मी सांगितलं, हिच्या सातवीला भेग आहे. तर म्हणतो, 'दोन हात जास्त मार, बुजेल!'"

"ह्याला पुरावा?" पिकेटनी विचारले.

फेर्मीनने माझ्या भेगेत नख घातले आणि बाहेर काढले. नखात हिरव्या रंगाची कपची होती. रंग भेगेच्या आत उतरला होता, म्हणजे भेग रंगाच्या आधीची होती. इतके जाणकार मला तपासून गेले, पण सगळे त्या गाठीकडेच बघत राहिले.

मित्रांनो, मी थक्क झाले. त्याचे अख्खे दुकान माझ्या पोटात होते आणि मलाच ते ठाऊक नव्हते!

"बाकीच्या एकोणचाळीस बागेत आहेत," फेर्मीन म्हणाला. "जा, बघा. आणि आधी त्यांच्यावरची माणसं उतरवा."

पिकेटनी चष्मा चढवला आणि ते माझ्यापुढे चक्क गुडघ्यांवर बसले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बागेत गेले; तिथल्या शिड्यांतही रंगाखाली भेगा सापडल्या. आठवड्याने पत्र आले : लियन सोडली. त्या एकोणचाळीस शिड्याही बागेतून निघाल्या.

आता मी फेर्मीनच्या दुकानात कोपऱ्यात उभी असते. माझा सगळा रंग त्याने स्वतःच्या हाताने खरवडला. गिऱ्हाईक विचारते, "हिनंच पाडलं ना तुला? मग ठेवलीस कशाला?"

"ती बिचारी कुरकुरून सांगत होती," तो म्हणतो. "मीच तिच्या तोंडावर रंग फासला."

मित्रांनो, चढण्याआधी प्रत्येक पायरीवरून हात फिरवा. भेग दिसली तर, हात जोडते, ती बुजवू नका. वर कोणी असेल, त्याला आधी खाली बोलवा.