टेपवरच्या काळ्या रेघा

मी दिवा स्टेशनजवळच्या एका दातांच्या दवाखान्यातला जुना ऑटोक्लेव्ह बोलतोय. ही गोष्ट घडली तो दिवस मंगळवार होता की बुधवार, हे मला नीट आठवत नाही. आणि वार चुकत असेल तर बाकीचंही चुकत असेल, अशी धास्ती वाटते. तरी सांगतो.

दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणं हे माझं काम. नवा होतो तेव्हा मला शुद्ध पाणी मिळे. पुढे टँकरचंच मिळू लागलं. पोटात पांढरे थर साचले. पण तापमानाचा काटा जंतू मरायला लागणाऱ्या एकशे एकवीस अंशांवर जाई, पुडक्यांवरच्या टेपवर काळ्या रेघा उमटत, आणि डॉक्टर शौनक म्हणत, "झालं!" खरंच झालं असेल का, असं मला वाटे. पण विचारणार कुणाला?

मेघना दंतस्वच्छतेची विद्यार्थिनी, आमच्याकडे शिकायला यायची. जपानमधल्या एका दवाखान्यात तीन महिने शिकून आली होती.

"काय गं, तिकडचे दात वेगळे असतात?" डॉक्टरांनी थट्टा केली.

"दात तेच, सर. पण पहिला आठवडा पेशंटला हात लावू दिला नाही. मशीनवर संशय घ्यायला शिकवलं."

तिने तिकडून आणलेली जंतूंची एक जांभळी कुपी माझ्यात ठेवली. वाफ दिल्यावर ती दोन दिवस उबेत ठेवायची. पिवळी पडली, तर जंतू जिवंत आणि मी नापास.

"सर, तोवर दाढ काढायचं थांबू या?"

खुर्चीत कुंडलिक गाल धरून बसले होते. मधुमेहाचे जुने रुग्ण. "पोरी, दाढ थांबेल गं, ठणका नाही थांबत!"

"मग ठाकुर्लीहून तुमच्या डॉक्टर मित्राकडची हत्यारं आणते. तासाभरात येते, सर."

"आणि त्याला काय सांगशील? आमचं मशीन बाद आहे? टेपवर रेघा आल्यात ना!"

"रेघा म्हणजे गरम झालं, सर. जंतू मेले असं नाही."

माझ्याच पोटातला चिमटा बाहेर निघाला. दाढही निघाली.

दोन दिवसांनी कुपी पिवळी होती. "प्रवासात खराब झाली असेल," डॉक्टर म्हणाले. मेघनाने दुसरी काढली, तर "पुरे आता" म्हणाले.

आठवड्याने कुंडलिक आले ते मान सुजवून. तोंड उघडेना. डॉक्टरांनी घाईने मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. "शुगर आहे ना," ते मेघनाकडे न बघता म्हणाले.

महिन्याने कुंडलिकांच्या पत्नी मीराबाई एकट्याच आल्या. "हे गेले," एवढंच म्हणाल्या. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं त्यांनी टेबलावर ठेवली, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून.

शुगरनेच गेले असतील, असं मीही घोकत राहिलो. अजून घोकतो.

तुम्ही दातांच्या खुर्चीत बसाल, तेव्हा एवढं विचारा: मशीनची शेवटची जंतूचाचणी कधी केली? डॉक्टर रागावले तर रागावू द्या.

काही वर्षांनी मला कल्याणच्या एका दुरुस्तीच्या दुकानात टाकलं. तिथल्या गुरुदत्त मिस्त्रींनी मला उघडलं. आतली हवा बाहेर काढणारी नळी क्षारांनी पार बुजली होती; हवा अडकली की वाफेची धग पूर्ण पोहोचत नाही. थर फार जुना, असं ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःचा तापमापक आत ठेवून मला चालू केलं. माझ्या काट्यावर एकशे एकवीस अंश होते, आत एकशे चार.