चिखलातले दोन ट्रक

दादा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला आणि तपासण्यांत दादाचाच बोन मॅरो जुळला, तेव्हा त्याने जराही का-कू केली नाही. दवाखान्यात गेला, कमरेच्या हाडातून काय काढायचं ते काढू दिलं आणि धाकट्याच्या खोलीकडे न बघता घरी आला. आई गेल्यापासून दोघांनी बोलणं टाकलेलं होतं. आईच्या आजारपणात धाकटा फिरकला नाही, सगळं दादाच्या अंगावर पडलं. अबोल्याचं कारण लोकांना माहीत होतं ते एवढंच.

काही दिवसांनी भावजयीचा फोन आला.

"भाऊजी, एक मागू का? यांना कुणाला भेटू देत नाहीत. मी काचेतून बघते. तोंड आतून सोलून निघालंय, एक शब्द बोलवत नाही. नुसते छताकडे बघत पडून असतात. मी यांचा व्हिडिओ गेम नेऊन दिला, पण एकटे किती खेळणार? इंटरनेटवरून दोघांना खेळता येतं म्हणे."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तुम्हाला बोलायला नको, समोर यायला नको. मी यांना विचारलं, भाऊजींना सांगू का? यांनी मान हलवून हो म्हटलं."

दादाने फोन ठेवला आणि कितीतरी वेळ पायातले बूटही काढले नाहीत. बायको म्हणाली, "जन्मभर लिफ्टा वरखाली केल्यात. एक वायर जोडता येणार नाही होय?"

कामावरच्या मुकादमाच्या घरी तसाच एक गेम धूळ खात पडला होता. दादा तो पिशवीत घालून घेऊन आला. टीव्हीला जोडणं सोपं गेलं. पण राउटर दाराजवळ आणि टीव्ही आतल्या खोलीत, मधे जाड भिंत. वायफाय लागायचं आणि तुटायचं. पासवर्ड गेमच्या रिमोटने पडद्यावर एकेक अक्षर शोधत टाकायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी दादाने लांब केबल आणली, चौकटीच्या कडेने खिळे मारत आत नेली आणि गेमच्या पाठीमागे खोचली. खट्ट असा आवाज आला. पडद्यावर 'जोडले गेले' अशी अक्षरं उमटली आणि लगेच गेमने अपडेट मागितलं. ते उतरेपर्यंत दादाचा चहा दोनदा थंड झाला.

एवढं करूनही धाकट्याच्या खेळात शिरता येईना. ब्रॉडबँडच्या कार्यालयातल्या बाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "तुमच्या राउटरने बाहेरून यायची वाट बंद ठेवलीय. थांबा, उघडते." पलीकडून कळफलकाचा आवाज आला. "आता बघा."

दादाने बघितलं. पडद्यावर चिखलाचा डोंगराळ रस्ता होता आणि एक पिवळा ट्रक उभा होता. त्या ट्रकने दिव्यांची दोनदा उघडझाप केली.

दादाचा ट्रक सुरू झाला आणि सरळ खड्ड्यात गेला. चाकं गरागरा फिरली, चिखल उडाला. पिवळा ट्रक मागे आला, दोर लावला आणि दादाला बाहेर काढलं. थोडं पुढे दादा पुन्हा रुतला. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं आली: 'दादा, ब्रेक सोड.'

दादा मनापासून हसला, आणि हसल्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मग रोज कामावरून आला की तो अंघोळ करून टीव्हीसमोर बसू लागला. कानांवर हेडफोन असायचा. तो बोलायचा, धाकटा लिहायचा. लाकडं न्यायची, पूल ओलांडायचा, एवढंच बोलणं. आईचा विषय दोघंही टाळत.

एक दिवस पुलापाशी पिवळा ट्रक थांबला तो पुढे जाईना. अक्षरं अडखळत आली: 'आईने शेवटी माझी आठवण काढली का?'

'नाही' म्हणून मोकळं होता आलं असतं. इतकी वर्षं धाकट्याला तेच ऐकवायचं त्याच्या मनात होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"ती मला तू समजायची."

दादाने रिमोट मांडीवर ठेवला.

"शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हती. मी भरवायचो, कूस बदलायचो, आणि ती म्हणायची, सोन्या, आलास का रे? रोज. मी कोण, ते एकदाही नाही. तू आला नाहीस याचा राग होताच, पण खरं सांगू? मला ते लागलं. सगळं मी करायचो आणि हाक तुझ्या नावाची. हे मी तुझ्या वहिनीलासुद्धा सांगितलेलं नाही."

दोन्ही ट्रक पुलाच्या तोंडाशी घरघरत होते. मग अक्षरं आली: 'तू काय म्हणायचास?'

"काय म्हणणार? आलो, म्हणायचो. मग शांत झोपायची."

'मला तिला तसं बघवलं नसतं दादा. पळालो.'

"कळलं होतं मला," दादा म्हणाला. आणि त्याच्या लक्षात आलं, की खरंच कळलं होतं, फार आधीपासून.

त्यानंतर धाकट्याला ताप भरला. गेममधलं त्याचं नाव विझलेलंच राहिलं. दादा तरी रोज गेम लावायचा आणि आवाज बंद करून बसून राहायचा. बायको काही न बोलता शेजारी येऊन बसायची. ताप उतरला. मग एका सकाळी भावजयीने रडत-हसत सांगितलं, की भावाने दिलेलं अंगाला लागलं, डॉक्टर घरी सोडताहेत.

दादा सुट्टी टाकून धाकट्याच्या घरी गेला. धाकटा मास्क लावून खिडकीशी बसला होता. डोक्यावर केस नव्हते, मनगटं लहान मुलासारखी झाली होती. दादाने खुर्ची जरा लांब ओढली आणि बसला.

"दादा," धाकट्याचा आवाज घोगरा, कसातरीच निघाला. "आईच्या आजारपणाचं पहिल्यापासून सांग. मला काहीच माहीत नाही."

भावजयीने दार लोटून घेतलं. दादाने घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली.