खांद्याची रेषा

लेविनाच्या घरात त्या वर्षी पायात काही घालून शिरायची कुणाची टाप नव्हती. पाद्रीसाहेब आले तरी त्यांनाही उंबऱ्याशी बूट काढावे लागत. बैठकीच्या खोलीपासून थेट झोपायच्या खोलीपर्यंत पांढरे रंगवलेले प्लायवूडचे तक्ते पसरले होते आणि त्या तक्त्यांवर तिच्या नवऱ्याची, बेरेन्डची, शिडाची होडी आडवी झाली होती. होडी म्हणजे अजून नुसत्या रेघा, पण अस्सल मापाच्या. मधली भिंत आड येत होती, ती बेरेन्डने एका शनिवारी पाडून टाकली. पलंग उभा करून कोपऱ्यात टेकवला आणि नवराबायको व्हरांड्यात गाद्या टाकून झोपू लागली. बर्ग नदीच्या मुखाशी, वेल्ड्रिफ गावात, होडीपायी घराची वाट लावलेले पुरुष पुष्कळ होते. त्यामुळे गावाने ते फारसं मनावर घेतलं नाही.

लेविनाने मात्र घेतलं होतं. बेरेन्डला या होडीतून एकट्याने भर महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर जायचं होतं. गावी नावाचा त्याचा थोरला भाऊ असाच एकटा निघाला होता. त्याचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही, एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. बेरेन्डने उभा जन्म दुसऱ्यांच्या बोटींवर मासे धरण्यात घालवला होता. एकदा तरी स्वतःच्या होडीतून जायचं आणि संध्याकाळ झाली म्हणून मागे फिरायचं नाही, असं तो मोठ्या आनंदाने सांगे. 

"बेट काय पळून चाललंय का?" ती म्हणायची.

"बेट नाही पळत गं, माझे गुडघे चाललेत!"

"मग गुडघे घेऊन घरात बस ना गपचूप."

तो हसायचा आणि पुन्हा तक्त्यावर ओणवा व्हायचा. शहरातून आणलेल्या होडीच्या नकाशात आकडे होते. त्या आकड्यांप्रमाणे तक्त्यावर एकेक खूण करायची, प्रत्येक खुणेशी खिळा ठोकायचा आणि त्या खिळ्यांना लागून एक लांबलचक लवचीक लाकडी पट्टी वाकवायची. पट्टी सरळ गुमान वळली तर रेषा बरोबर. कुठे बाहेर फुगली किंवा आत बसली, तर काहीतरी चुकलेलं असणार. आणि बेरेन्डच्या बापापासून एक नेम चालत आला होता. दुसऱ्या डोळ्याने 'गोड आहे', म्हणजे कुठेही न अडखळता वळते, असं म्हटल्याशिवाय रेषेवर पेन्सिल फिरवायची नाही. या घरातला दुसरा डोळा लेविनाचा होता. लहानपणापासून जाळी विणून तिची नजर अशी तयार झाली होती की गल्लीच्या पलीकडे वाळत घातलेल्या जाळ्यातलं एक वाकडं घर तिला इकडून दिसे. गावात तिचा शब्द त्या बाबतीत शेवटचा होता.

होडीच्या पुढच्या अंगाची, म्हणजे तिच्या खांद्याची, रेषा आखायचा दिवस होता. पट्टी लावून झाली होती. तेवढ्यात दारावर कुणीतरी सुके मासे, बोयटं, विकायला आलं आणि बेरेन्ड उठून गेला. लेविना पट्टीच्या टोकाशी गुडघे टेकून बसली होती. तिने पुढून चौथा खिळा उपटला आणि बोटभर आतल्या बाजूला सरकवून ठोकला. तिच्या मनात एवढंच होतं की रेषा बिघडेल, दोनचार दिवस डोकं खाईल आणि मग बेरेन्ड कंटाळेल. कंटाळायचा त्याचा लौकिकच होता. अंगणात अर्धी भट्टी आणि बिनचाकांची गाडी त्याची साक्ष देत उभी होती.

पण या वेळी गडी कंटाळला नाही. पट्टी आत बसलेली बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या, नकाशा बघितला, पुन्हा पट्टी बघितली. "कागदावर बसून आकडे खरडणाऱ्याच्या बापाचं काय जातंय!" असं म्हणून त्याने शेजारचे दोन खिळेही थोडे आत घेतले. पट्टी सुरेख वळली. चूक तीन खिळ्यांत वाटली गेली आणि दिसेनाशी झाली.

"बघ गं," तो म्हणाला.

लेविनाने गाल तक्त्याला टेकला. रेषा खरोखरच गोड होती. त्याचीच तिला धडकी भरली.

"आहे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांदेखत बेरेन्डने पेन्सिल फिरवली.

त्यानंतर तिने स्वतःची समजूत घातली की बोटभराने काय होतंय. ती समजूत ताइनसकाका येईपर्यंत टिकली. ताइनसकाकांनी हयातभर होड्या बांधल्या होत्या. आता एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि जीभ शाबूत होती. अंगणात होडीच्या पुढच्या दोन फासळ्या कापून उभ्या केल्या होत्या. काकांनी त्यांच्यावरून हात फिरवला.

"बेरेन्ड, हिचा खांदा काय उपाशी ठेवलास का रे?"

"का? काय झालं?"

"लाटेवरून उतरताना होडीचं नाक खाली जातं. तेव्हा हा खांदा तिला वर काढतो. इतका बारीक खांदा असला, तर नाक खुपसेल आणि वर येणारच नाही."

लेविना कॉफीचे पेले घेऊन तिथेच उभी होती.

"रेषा लेविनाने बघितलीय," बेरेन्ड म्हणाला.

"असं होय?" काकांनी हात काढून घेतला. "मग मी कोण बोलणारा? माझा एक डोळा तर कधीच पेन्शनीत निघालाय."

दोघंही हसले. लेविना स्वयंपाकघरात निघून गेली. नवऱ्याने जाऊ नये म्हणून तिने खिळा हलवला होता. आता तो जाणारच होता आणि त्या खिळ्यामुळे परत येणार नव्हता. काकांना चूक सापडली होती, पण लेविनाचं नाव निघताच त्यांनीही ती सोडून दिली होती.

पुढचे दिवस तिला अन्न गोड लागेना.  व्हरांड्यात वारा सुटला की तिला ते बारीक नाक पाण्यात घुसताना दिसे, आणि मागे सुकाणूला धरून बेरेन्ड बसलेला दिसे. दोनदा तिने त्याला आडून सुचवून बघितलं.

"पुन्हा एकदा मोजून घे ना रे."

"तू बघितलंस ना?"

"माझंही चुकू शकतं."

"तुझं? मग सूर्य नदीतून उगवेल."

शेवटी एका सकाळी न्याहारीला बसल्यावर तिने बोलून टाकलं. बेरेन्ड कडक टोस्ट कॉफीत बुडवत होता.

"तो खिळा मी सरकवला."

"कुठला?"

"खांद्याचा. पुढून चौथा. तू बोयटंवाल्याकडे गेलास तेव्हा. बोटभर आत."

बेरेन्डच्या हातातला टोस्ट भिजून पेल्यात पडला. त्याने तो काढला नाही.

"आणि मी शेजारचे दोन हलवले," तो सावकाश म्हणाला. "आणि तुला विचारलं."

"तू जाऊ नयेस म्हणून केलं रे! मला भीती वाटते. तुझा भाऊ गेल्यापासून वाऱ्याची झुळूक आली तरी मला भीती वाटते."

"आणि मला वाटत नाही?" त्याचा आवाज फाटला. "रोज वाटते, लेविना. म्हणून तर प्रत्येक रेघ तुला दाखवत होतो."

तो उठला, अंगणात गेला आणि दोन्ही फासळ्या सरपणात फेकल्या. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तो तसाच बाहेर पडला आणि ताइनसकाकांना घेऊन आला.

लेविना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आत ये असं कुणी म्हटलं नाही. बेरेन्डने ते तीन खिळे उपटले आणि पुन्हा ठोकले. मोजपट्टी त्याने हातात घेतलीच नाही. प्रत्येक खिळ्याशी तक्त्याला आता दोन भोकं होती, जुनं आणि नवं, बाजूच्या दोन खिळ्यांची तर अगदी लागून. पट्टी वाकवून झाल्यावर काका कण्हत खाली बसले, आडवे झाले आणि चांगला डोळा पट्टीला लावला.

"गोड आहे," ते म्हणाले.

बेरेन्डने पेन्सिल उचलली.

लेविना उंबऱ्याशी खाली बसली आणि तिने गाल टेकला. पुढून तिसऱ्या खिळ्याशी पट्टी आत बसली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. खिळा चुकीच्या भोकात गेला होता. पुढे तेवढंच अंग कमी राहिलं असतं, आणि ते लाटेला कळलं असतं.

"तिसरा खिळा," ती म्हणाली. "अजून आत आहे."

काका तिच्याकडे बघायचं टाळून गुडघा चोळू लागले. बेरेन्डने मान वळवली. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"खरं सांगतेस?"

"खरं," ती म्हणाली. तिचं तिलाच ते खोटं वाटलं. तो ऐकणार नाही, असंच तिला वाटलं.

 बेरेन्डने पेन्सिल खाली ठेवली, नकाशा ओढून घेतला, आकड्यावर बोट ठेवलं आणि मोजपट्टीने माप घेतलं. पुन्हा घेतलं, आणि आणखी एकदा. पट्टीपुढे आकड्याला न जुमानणारा माणूस एका खिळ्यासाठी तीनदा मोजत बसला. मग त्याने तो खिळा उपटून शेजारच्या भोकात ठोकला.

"बरोबर आहे," तो ताइनसकाकांना म्हणाला, आणि रेघ ओढली.