लष्करी बुटांशेजारची जोडी

मी एक जुनी बुटांची जोडी आहे, फुटबॉल खेळायच्या बुटांची. ओटावातल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये मी कित्येक वर्षे काढली, पण माझा जन्म वेल्समधला. तिथल्या एका डोंगराळ गावात चांभाराने मला जाड कातड्यातून शिवले. एम्रिस नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने मला घेतले. एका व्यावसायिक क्लबाने नुकतेच त्याला संघात घेतले होते.

मित्रांनो, ते दिवस मी कशी विसरेन? एम्रिस डाव्या बाजूने धावत सुटला की प्रेक्षक उभे राहायचे. सामना संपल्यावर तो मला स्वतः पुसायचा, चरबी चोळायचा. वेल्सच्या राष्ट्रीय संघात त्याची निवड होणार, असे लोक उघड बोलू लागले होते.

मग दुसरे महायुद्ध पेटले. सामने बंद झाले. एम्रिस सैन्यात गेला आणि त्याच्या पायांत काळे, जड लष्करी बूट आले. मी त्याच्या आईच्या कपाटात वाळत पडले. त्याची ऐन उमेदीची वर्षे त्या बुटांनी खाल्ली. तो परतला तेव्हा त्याच्या गुडघ्यात बाँबची कपची रुतलेली होती. एक मोसम आम्ही धडपडलो. चेंडू पुढे जायचा, आम्ही मागे राहायचो. शेवटी क्लबाने त्याला निरोप दिला.

पुढे तो कॅनडात आला, पोस्टात नोकरीला लागला, उशिरा संसार थाटला. त्याच्या मुलीने, मेगनने, नंदकुमार नावाच्या मराठी इंजिनिअरशी लग्न केले. म्हातारपणी एम्रिस त्यांच्याच घरी राहू लागला. मी मराठी शिकले ती नंदकुमारच्या फोनवरच्या गप्पा ऐकून.

बेसमेंटच्या फळीवर माझ्या शेजारी होते तेच लष्करी बूट. दर नोव्हेंबरात, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या आधी, एम्रिस खाली येऊन त्यांना पॉलिश करायचा. ते घालून, कोटाला त्यांच्या आठवणीचे लाल पॉपीचे फूल लावून तो स्मारकापाशी जायचा. माझ्याकडे तो बघायचाही नाही. पॉलिशचा वास सुटला की माझा नुसता जळफळाट व्हायचा. ज्यांनी त्याचे सगळे हिरावून घेतले त्यांना मान, आणि मला धूळ!

एम्रिसची नात ईशिता शाळेच्या संघातून फुटबॉल खेळायची. तिच्या एकाही सामन्याला तो गेला नव्हता. गुडघा दुखतो म्हणायचा. तिला ते फार लागायचे.

२०१६ च्या मे महिन्यात एम्रिसला सीनियर्स होममध्ये हलवायचे ठरले. तिथली खोली लहान. नंदकुमार आणि ईशिता बेसमेंट आवरू लागले.

"हे मिलिटरीवाले त्यांच्याबरोबर जातील," नंदकुमार म्हणाला. "आणि हे गार्बेजमध्ये टाक. पार फाटलेत."

"बाबा, वेट. आय विल आस्क ताइद," ईशिता म्हणाली. ताइद म्हणजे वेल्श भाषेत आजोबा.

ती मला वर घेऊन गेली. हे टाकायचे का, तू तर यांना कधी हातही लावत नाहीस, असे तिने इंग्रजीत विचारले. एम्रिसने मला मांडीवर घेतले. माझ्या शिवणीवरून तो बराच वेळ अंगठा फिरवत राहिला.

"ते काळे बूट मी चमकवतो ते माझ्याबरोबरच्या परत न आलेल्या पोरांसाठी," तो म्हणाला. "यांना हात लावला की मी पुन्हा एकवीस वर्षांचा होतो. मग पुन्हा युद्ध सुरू होतं."

"म्हणून माझ्या मॅचला येत नाहीस?"

"मला तुझा हेवा वाटतो, ईशिता. तुला कुणी थांबवलेलं नाही."

मी चकित झाले. म्हणजे माझ्याइतकाच तोही इतकी वर्षे आतल्या आत जळत होता.

पुढच्या शनिवारी तो व्हीलचेअरवरून मैदानावर आला. मी त्याच्या मांडीवर होते. ईशिताचा गोल हुकला तेव्हा तो वेल्शमध्ये इतक्या जोरात ओरडला की पंचानेही मागे वळून पाहिले. सामना संपल्यावर ती धावत आली. तिचे पिवळे बूट चिखलाने माखले होते. त्या चिखलासाठी मला त्यांचा फार हेवा वाटला.

एम्रिसने वाकून तिच्या बुटावरचा थोडा चिखल बोटावर घेतला आणि माझ्या टोकाला लावला.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी हात न लावता जपलेली एखादी वस्तू असेल. ती टाकण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.