सोळाव्या पावलावर

"बोलले! माझ्याशी बोलले!" तिसऱ्या रांगेतली बाई खुर्चीवरून उठून ओरडली आणि सभागृहातल्या दोनशे माना एकदम वळल्या.

*

आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीला सात खण असतात. मंगळवार ते शुक्रवारचे खण भरलेले होते. त्या दिवशी शनिवार होता.

*

माणसाचं शरीर बरंचसं पाणीच असतं, आणि काही लहरींना पाणी ओलांडणं जड जातं. म्हणून मोबाइल मागच्या खिशात ठेवला की कानातलं गाणं कधीकधी अडखळतं.

*

दुकानातल्या भिंतीवर पाटी: 'मशीन अडलं, तर आधी बंद करून चालू करा.'

*

तिसऱ्या रांगेतली ती बाई म्हणजे भाचीची सख्खी मावशी. पाटी भाचीनेच लावलेली. ती कानांची मशीनं विकायची, बसवायची, साफ करायची, आणि चौदा वर्षं एकच वाक्य रोज वीस वेळा मोठ्याने बोलायची: "ऐकू येतंय का आता?" संध्याकाळी घरी गेल्यावर तिला कोणाशीच बोलावंसं वाटत नसे.

शनिवारी सकाळी ती मावशीकडे तिच्या कानांच्या मशीनचे सेल बदलायला गेली, तर समोर ती डबी.

"मावशी, चार दिवस गोळ्या नाही घेतल्यास?"

"नाही."

"का गं?"

"त्यांनी बंद करायला सांगितलं."

"कोणी? डॉक्टरांनी?"

"तुझ्या काकांनी."

भाची खुर्चीत बसली. उभं राहून ऐकण्यासारखं हे नव्हतंच. काकांना जाऊन सात महिने झाले होते.

"पाय दाखव."

"पायाला काय झालंय?"

"मोज्याचा काठ रुतलाय बघ. हृदयाची गोळी आहे ती मावशी, गंमत नाही. गेल्या महिन्यात डॉक्टर काय म्हणाले? एक दिवस चुकवू नका म्हणाले."

"डॉक्टर परके. हे आपले," मावशी म्हणाली. तिने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. एकदा कापड कापलं की विषय संपला, अशी तिची बोलण्याचीही पद्धत. "मंगळवारी दुसऱ्यांदा सभेला गेले, तेव्हा आले माझ्या कानात. शेजारणीला ऐकू आलं नाही, मला आलं. 'गोळ्या बंद कर,' म्हणाले. त्यांचाच आवाज. मला शिकवू नकोस."

भाचीने हात टेकले. मग तिने आपला मोबाइल मावशीच्या मशीनला जोडला, स्वयंपाकघरात गेली आणि मोबाइलमध्ये हळूच बोलली, "मावशी, गोळी घे."

बाहेरून उत्तर आलं, "घेणार नाही! आणि कुजबुजतेस कशाला?"

"बघ! मी आत, तू बाहेर, तरी कानात आलं की नाही? ब्लूटूथ आहे ते. तसंच कोणीतरी—"

"तुझं तुझ्या मोबाइलमधून येतं. त्यांचं वरून येतं. एवढं कळतं मला."

चौदा वर्षांत भाचीने पुष्कळांना ऐकू आणून दिलं होतं. ऐकून घ्यायला लावणारं मशीन मात्र अजून निघालेलं नव्हतं.

*

त्याच दुपारी ती मावशीबरोबर सभागृहात गेली. फर्निचरच्या दुकानावर दुसरा मजला, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे व्यासपीठ, व्यासपीठामागे लाकडी पडदी. तिथे सभा घेणाऱ्या माणसाला लोक आवाजवाले म्हणत.

दाराशी करड्या स्वेटरमधली एक स्वयंसेविका होती. तिच्यापुढे फोनची पेटी.

"फोन इथे ठेवायचे. लॉक काढून ठेवायचे हं आजी. कुलूपबंद वस्तूत लहरी अडकतात."

"कसल्या लहरी?" भाचीने विचारलं.

"वरच्या," ती म्हणाली. मग मावशीच्या कानांकडे पाहून तिने कापूस लावलेला ट्रे पुढे केला. "मशीनं काढा आजी. शुद्ध करून देते."

तिने दोन्ही मशीनं पुसली. सेलचं झाकण उघडलं, मिटलं, आणि परत दिली. मावशी आत जाऊ लागताच त्या बाईने कागदावर काहीतरी टिपलं.

भाचीची नजर त्या झाकणावरच राहिली. झाकण उघडून मिटलं की ते मशीन नव्याने सुरू होतं, आणि पुढची तीन मिनिटं जवळच्या कुठल्याही फोनशी जोडून घ्यायला तयार असतं. मुद्दाम तसं केलेलं आहे, म्हाताऱ्या माणसांना आकडे टाकत बसायला नको म्हणून. ही सोय ती स्वतः कौतुकाने सांगायची. फोन थेट कानात येतो, टीव्हीचा आवाज वाढवावा लागत नाही, सून वैतागत नाही. सगळं खरं होतं. हेच तर दुखणं होतं.

आवाजवाले आले. गुळगुळीत दाढी, पांढरा शर्ट, घसा बसलेला.

"विज्ञान म्हणतं, मेला तो संपला. मी म्हणतो, मेला तो फक्त रेंजबाहेर गेला! आपण कोण? आपण टॉवर! पण औषधांनी टॉवर गंजतो. धडधाकट कानांना बाजाराचा गोंगाट ऐकू येतो. बहिऱ्यांनाच पलीकडचं ऐकू येतं. आहे का कोणी डॉक्टर, हे खोटं म्हणणारा?"

डॉक्टर नव्हता. टाळ्या पडल्या.

मग एकेक जण उठू लागले. एकाला भाऊ ऐकू आला, एकीला आई. एकूण सहा. बाकीचे हेव्याने बघत होते. भाचीला माणसं चेहऱ्यापेक्षा कानांवरून लवकर ओळखू येत. मावशी धरून सातच्या सात कान तिच्या दुकानातले होते. ज्याच्या कानात मशीन नाही असा एकही निवडला गेला नव्हता.

"आले," मावशी पुटपुटली. तिचा चेहरा असा उजळला की भाचीने नजर वळवली.

"काय म्हणतायत?"

"'मी आहे. गोळ्या बंद कर.' आता परत तेच म्हणतायत."

"मावशी, माझं एक ऐक. वाद घालत नाही मी. तू उठ आणि दाराकडे चालत जा. जिवंत माणूस बोलत असताना आपण लांब गेलो, तर आवाजाचं काय होतं?"

मावशीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू शिंपिणीला कोणी सुई म्हणजे काय ते विचारलंय. "मला विचारतेस? वीस वर्षं हेच बघतेय मी. बारीक होत जातो. आधी शब्दांची टोकं जातात, मग शब्द जातात, मग नुसती गुणगुण राहते. तुझे काका जिन्यात पोचले की मला त्यांची फक्त गुणगुण यायची."

"मग आज काय होतं बघ."

सुजलेले पाय ओढत मावशी निघाली. प्रत्येक पावलाला ओठ हलत होते. मोजायची सवय जाते कुठे? आवाजवाले थांबले. "आजी, बसून घ्या."

मावशी बसली नाही. दाराबाहेर, भिंतीच्या वळणाशी ती थबकली. एक पाऊल मागे. एक पाऊल पुढे. पुन्हा मागे. तिसऱ्या वेळेस ती तशीच उभी राहिली, आणि भाचीला वाटलं, आता पडते की काय.

"सोळा," मावशी तिथूनच म्हणाली. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "पंधरा पावलांपर्यंत जसाच्या तसा. खुर्चीत होता तसाच, तितकाच मोठा. सोळाव्याला कापला. कात्रीने कापावा तसा."

"संशय लहरी तोडतो, आजी!" आवाजवाले गोड हसले.

"पंधरा पावलं नाही आला संशय, तो बरा दाराशीच आला?" मावशी म्हणाली. "स्वर्गातून इथवर येतो, आणि एका भिंतीला अडतो?"

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात भाची व्यासपीठावर चढली. तिला भाषण करायचं नव्हतं. तेवढं त्राणच नव्हतं. तिने पडदी बाजूला सारली.

मागे करड्या स्वेटरवाली बसली होती. टेबलावर सात मोबाइल, प्रत्येकाला चिठ्ठी: 'तिसरी रांग, निळी शाल, नवरा.' 'पाचवी रांग, काठी, भाऊ.' शेजारी दाराशी जमा केलेले फोन, लॉक काढलेले. त्यांतले जुने आवाजी निरोप ऐकायचे, हवे तेवढे शब्द उचलायचे, पुढच्या सभेत परत कानात सोडायचे. निरोप पाठवणारा मेलेला असला की काम सोपं. तो तक्रार करत नाही.

"ही कोण बाई?" आवाजवाल्यांचा बसलेला घसा एकाएकी मोकळा झाला. "हिला बाहेर काढा!"

"मी मशीनवाली," भाची म्हणाली. "हे सातही जण माझ्याकडे येतात. यांच्या मशीनला जवळचा फोन जोडता येतो. आठ-दहा मीटर, मध्ये भिंत आली तर त्याहून कमी. त्या अंतरात आवाज स्पष्ट येतो, त्याबाहेर तुटतो. एवढंच आहे. जादू नाही."

गडबड उडाली. लोक आपापले फोन शोधू लागले, आणि त्या गर्दीत आवाजवाल्यांनी काढता पाय घेतला. पाचव्या रांगेतले काठीवाले आजोबा मात्र टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं नीट ऐकलं होतं.

"बाई," ते भाचीला म्हणाले, "तो माझा फोन कुठला? अजून एकदा लावाल का?"

तिने लावून दिला. नाही कसं म्हणणार?

*

घरी आल्यावर मावशीच्या फोनमध्ये काकांचा निरोप सापडला, दीड वर्षापूर्वीचा. पूर्ण असा होता: 'मी आहे. त्या जुन्या गोळ्या बंद कर, डॉक्टरांनी नव्या लिहून दिल्यात, येताना घेऊन येतो.'

मावशीने तो दोनदा ऐकला. मग डबी पुढे ओढली.

"चार दिवसांच्या एकदम घेऊ?"

"अजिबात नाही! आजची एकच. आणि आत्ता डॉक्टरांकडे जायचंय, पाय दाखवायला."

"त्या आवाजवाल्या मेल्याने यांचे चांगले शब्द उचलले नाहीत गं एकही. नुसतं गोळ्या, गोळ्या," मावशी म्हणाली आणि पाण्याचा घोट घेतला.

वाचणाऱ्यांना विनंती एवढीच. कानातलं मशीन चांगलं आहे, वापरा. पण कानात आलेलं प्रत्येक वाक्य आभाळातून पडत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर उठून चार पावलं चाला, दाराबाहेर जा, भिंतीमागे उभे राहा, विचारा. खरी गोष्ट विचारण्याने तुटत नाही. आपला फोन उघडा करून परक्याच्या हातात देऊ नका. आणि औषध थांबवायचं असेल तर ते डॉक्टरांना विचारून थांबवा. मेलेल्या माणसावर ती जबाबदारी टाकू नका.

काका गेले त्या दुपारी मावशीची दोन्ही मशीनं दुरुस्तीसाठी भाचीच्या दुकानात होती. जाताना ते काय बोलले, ते तिला ऐकू आलंच नव्हतं.